कागदावर न मावणारी जमीन

“दाखवा.”

समोरच्याने काहीही सांगितलं तरी मोजणीदार चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एवढा एकच शब्द बोलायचे. नदीला पाणी वाढलंय म्हणा, कासारसाईच्या वाटेवर वाघरू दिसलं म्हणा, साहेब रजेवर गेलेत म्हणा. “दाखवा.” आता रजा कशी दाखवायची? तरी त्यांनी मला एकदा साहेबांच्या बंद दारापर्यंत चालत नेलं होतं.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांचा संशय दुसऱ्यांवर असतो. ह्यांचा सगळ्यांवर सारखाच होता, त्यात ते स्वतःही आले.

स्वातंत्र्याला दहा-एक वर्षं झाली असतील. मी पौडला तलाठी होतो आणि ते जमिनीची सरकारी मोजणी करायला बदलून आले. माझ्या शेजारची खोली त्यांनी घेतली. खोली दहा बाय बाराची आहे, असं मालक म्हणाला. त्यांनी टेप लावली. लांबी पाच इंच कमी भरली. मालक म्हणाला, “ऱ्हायचं तर ऱ्हावा, न्हाईतर दुसरीकडं बगा.” ते राहिले. पण पुढे कुणी पत्ता विचारला, तर “भाऊसाहेबांच्या शेजारी, अकरा फूट सात इंचांच्या खोलीत” असं सांगायचे.

ओसरीच्या कडेला त्यांनी तेहतीस फुटांवर दोन खुंट्या ठोकल्या होत्या. रोज सकाळी मोजणीची साखळी त्या खुंट्यांमध्ये ताणून बघायचे. ओढाओढीनं कड्या लांबतात, तिचा काय भरवसा, म्हणायचे. मोजणीला गेले की भांडणातल्या कुठल्याच घरचं पाणी पीत नसत. फिरकीचा तांब्या बरोबर असायचा. त्यावरून लोकांना उलटाच संशय यायचा. “येवडा जपतुया म्हंजी आतून कायतरी असनारच,” असं मी चावडीत माझ्या कानांनी ऐकलंय.

बायको लवकर गेलेली. एकुलती मुलगी, सिंधू, पुण्याला आत्याकडे राहून कॉलेजात गणित शिकत होती. सुट्टीला एस.टी.ने पौडला यायची. त्या दिवाळीत माझ्या बायकोने दोघांना जेवायला बोलावलं, आणि आमच्याच पाटावर बसून सिंधूने तो विषय काढला.

“अण्णा, मला बी.ए. झाल्यावर पुढे शिकायचंय. सर म्हणतात, मी एम.ए. करावं.”

“काय शिकवतात हे सर?”

तिचा चेहरा उजळला. लांबी, रुंदी आणि उंची या तीन दिशा आपल्याला कळतात, ती म्हणाली. पण गणितात चौथी घेता येते, पाचवीही घेता येते. अशी एखादी दिशा खरोखरच असेल आणि आपल्याला तिचा पत्ताच नसेल, असंही होऊ शकतं.

मोजणीदारांनी हातातला घास ताटात ठेवला. चष्मा वर गेला. “दाखव.”

“दाखवता येत नाही, अण्णा. मांडता येतं.”

“म्हणजे आहे की नाही?”

“आहेच असं मी म्हणत नाही. नाहीच असंही म्हणता येत नाही.”

“जे दाखवता येत नाही ते असेल म्हणून सांगायचं, हा धंदा अंगारेधुपारे देणाऱ्यांचा.” ते माझ्याकडे वळले. “हा सर कोण, भाऊसाहेब? वय काय? लग्न झालंय का? एकट्या मुलीला कशाला असलं काही सांगतो?”

“एकटी नाही, आम्ही अकरा जण आहोत वर्गात,” सिंधू म्हणाली. जेवण तिने अर्ध्यावरच टाकलं. रात्री भांडी आवरताना बायको मला म्हणाली, “पोरगी शहाणी आहे. बापाला भीती वाटतेय, आणि त्या भीतीला तो संशय म्हणतोय.”

आठवड्यातच त्यांनी बहिणीला पत्र टाकलं. सिंधूसाठी एक स्थळ आत्याच्या मनात होतंच. परीक्षा झाली की लग्न उरकू, असं त्यांनी कळवलं. मला पत्र वाचायला दिलं, तेही मी काही खोड काढतो का ते बघायला. मी काढली नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

पण सरांना पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडेना. रजा टाकून ते पुण्याला निघाले आणि साक्षीदार म्हणून मलाही घेतलं. “दोघं असलेले बरे,” म्हणाले. कॉलेजच्या जिन्यात दोन तास उभे राहिलो. ज्यांच्याविषयी इतका संशय होता ते सर बाहेर आले. पासष्टीकडे झुकलेले, कोटाच्या बाह्या खडूने पांढऱ्या, एका कानाने कमी ऐकू येणारे. मोजणीदारांनी त्यांना नमस्कार केला आणि मोठ्याने विचारलं, “तुम्हाला ती चौथी दिशा दिसते का?”

“नाही हो,” सर म्हणाले. “इतकी वर्षं शिकवतोय, एकदाही दिसली नाही.” आणि हसून पुढच्या वर्गाकडे गेले.

परतीच्या एस.टी.त मोजणीदार चांदणी चौकाची चढण संपेपर्यंत तिकिटाचा हिशेब तपासत होते. मग म्हणाले, “चारित्र्य चांगलं आहे. पण ज्याला स्वतःला दिसत नाही, तो दुसऱ्याच्या मुलीला शिकवतो. हे जास्त वाईट.” लग्नाचं पक्कंच राहिलं.

नंतर माघात आम्ही पौडपलीकडच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर मोजणीला गेलो. एक म्हातारी आणि तिचा दीर यांची वाटणी होती. म्हातारीच्या वाट्याला नाचणीचा उभा उतार. तिने नवऱ्याच्या जुन्या दोराने तो आधीच मापून ठेवला होता. वरच्या जांभळीपासून खालच्या ओढ्यापर्यंत बारा दोर. आमचं माप तिच्या साडेदहा दोरांइतकंच आलं.

म्हातारी मोजणीदारांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. “माजं दीड दोर रान कुटं गेलं? दिराच्या घरी जेवलास काय रं?”

असं विचारणारी ती पहिली नव्हती. मोजणीदारांचं उत्तर ठरलेलं असायचं, आणि ते त्यांनी सुरू केलं. “आजी, साखळी आम्ही जमिनीवर टाकत नाही. आडवी, सपाट ताणून धरतो आणि पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतो. नकाशा सपाट असतो. त्याला लांबी-रुंदी कळते, उंची कळत नाही. तुझं उताराचं जास्तीचं रान त्या कागदावर मावत नाही.”

“म्हंजी हाये का न्हाई?”

“आहे ना. पण कागदाला…”

“कागदाला दिसत न्हाई म्हून न्हाई व्हय? जलमभर कुळवलं म्या ते. माज्या पायाला ठावं हाय.”

मोजणीदारांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. बांधावर जाऊन बसले. मला वाटलं ऊन लागलं. मी तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

बऱ्याच वेळाने उठले आणि त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. साखळी उतारावर, जमिनीला चिकटवून टाकायला सांगितली. जांभळीपासून ओढ्यापर्यंत म्हातारीबरोबर स्वतः खाली उतरले. गुडघे धरत होते तरी उतरले. माप बरोबर बारा दोर भरलं.

“तुझा दोर खरा आहे, आजी,” ते म्हणाले. “आणि कागदही खोटा नाही.”

“दोनी खरं कसं आसंल? मला येडी समजतूस?” म्हातारीचा विश्वास बसला नाही. तिने अंगठा दिला नाही, आणि आम्ही वाडी उतरेपर्यंत ती बांधावर उभी राहून आमच्याकडे बघत होती.

निम्मी वाट उतरल्यावर मोजणीदार थांबले. “भाऊसाहेब, ही म्हातारी मला जे विचारत होती, तेच मी सिंधूला विचारलं होतं.”

त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला.

“आणि मी तिला जसं उत्तर दिलं, तसं सिंधूने मला दिलं होतं. मी तिच्यासमोर घास खाली ठेवला.”

शनिवारी ते पुण्याला गेले. आत्या रागावली, स्थळाकडच्यांनी चार शब्द ऐकवले. सिंधूला ते काय म्हणाले ते मला तिच्याकडूनच कळलं. म्हणाले होते, “मला पटलेलं नाही. तरी तू शीक.” ती आत्याच्या घराच्या पायरीवरच बसून रडली म्हणे. अण्णा कावरेबावरे होऊन शेजारच्यांना सांगत राहिले की आपण तिला काही बोललो नाही.

पटलं त्यांना कधीच नाही. सुट्टीत सिंधू आली की ओसरीवर वही उघडून दोघं बसायची. तिने एक ओळ मांडली की ते अडवायचे. ती पुन्हा मांडायची, ते दुसरीकडे अडवायचे. चुलीपाशी बसून बायको म्हणायची, कधीतरी हो म्हणा की बिचारीला. पण सिंधूच्या तोंडावर मला कधी कंटाळा दिसला नाही. एकदा त्यांनी दाखवलेली चूक खरीच निघाली, तेव्हा तिने वही बंद केली आणि वाकून त्यांना नमस्कार केला. ते इतके अवघडले की उठून उगाच विहिरीवर गेले.

मग त्यांची सोलापूरकडे बदली झाली. भेटी थांबल्या. वर्षाकाठी एखादं पत्र यायचं. सिंधू तिकडच्याच एका कॉलेजात शिकवायला लागल्याचं त्यातूनच कळलं. ते निवृत्त होऊन तिच्याकडे राहत होते.

शेवटचं पत्र सिंधूने लिहिलेलं होतं. अण्णा गेले, असं पहिल्याच ओळीत होतं. आजार चार महिन्यांचा. ते अंथरुणाला खिळल्यावर तिचे विद्यार्थी शिकायला घरीच यायचे. अण्णा त्यांना एकेकाला खाटेजवळ बोलवून विचारायचे, “बाई हे जे शिकवतात, ते तुला पटतं का?” मुलं भिडेने हो म्हणायची. अण्णा तोंड फिरवून घ्यायचे.

एक मुलगी नाही म्हणाली. तिला अण्णांनी उद्यापासून रोज यायला सांगितलं. ती शेवटच्या दिवसापर्यंत येत होती, आणि दोघं मिळून सिंधूला अडवत होती.