परसवाड्याची लाख आणि माझी भेट

गेल्या वर्षी परसवाड्याला बसमधून उतरलो, तेव्हा माझ्या खांद्यावर बॅटरीचा फवारणी पंप होता आणि थाट असा, की जणू लढाईत तोफ जिंकून आणलीय. मामेबहीण सुमनसाठी भेट! अंगणात प्रयोगही केला. पाण्याचा फवारा उडाला, शेजारच्या बाया पदर सावरत पळाल्या, मी वाकून टाळ्या घेतल्या.

यंदा ऑक्टोबरात गोंदिया, बालाघाट करत, पिवळं पडू लागलेलं धान पाहत पुन्हा पोचलो. सुमनने चिन्नोर तांदळाचा वाफाळता भात वाढला.

"काहून भाऊ, या बार काय आणलं? बम?"

मी एकटाच हसलो.

जेवणानंतर ती मला बांधावर घेऊन गेली. तिथल्या पळसांवर ती लाखेचे किडे पोसते. टाचणीच्या टोकाएवढा जीव, फांदीचा रस पितो आणि अंगाभोवती लाखेचं कवच करतो. जिवंत किड्यांच्या काड्या म्हणजे बिहन (बियाण्याची लाख). त्या नव्या फांद्यांना बांधल्या की पिल्लं चालत पसरतात. अख्ख्या टोल्याला (वस्तीला) बिहन सुमनकडूनच जाते.

"नख लावून पाहा," ती म्हणाली. "जिती असन तं लाल पाणी निंघते."

नख दाबलं. कोरडा भुगा. पुढच्या झाडालाही भुगाच.

"उन्हाळा असा तापला का अर्धी लाख झाडावरच वाळली. म्हटलं, उरली तं हाय, पसरन पुन्हा. मंग धानाले माहू (रस शोषणारी कीड) लागला. तुमचा पंप होताच. वारा बांधाकडे होता, सारं औषध पळसावर गेलं."

"मग वारा पडेपर्यंत थांबायचं ना!"

"आन् धान मरू देऊ, भाऊ?"



शेवटच्या पळसाला तिने स्वतः नख लावलं. भुगाच निघाला. तो तिने पदराला पुसला.

"उद्या बाया बिहन न्यायले येतीन. त्याईले काय सांगू?"

सकाळी निघताना तिने पंप माझ्या पायाशी ठेवला. "घेऊन जा. धान वाचलं यानं, खोटं काहून बोलू? पण मले दिसला का जीव तुटते."

बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने पंपावर प्रेमाने थाप मारली. "भैया, देना है क्या? हमारे धान में भी माहू लगा है।"

त्याच्या बांधावर पळस आहेत का, मी विचारलं.

"बहुत हैं। सब पर लाख है।"

मी पंप दोन्ही हातांनी कवटाळला, पोटच्या पोरासारखा. माझं शेवटचं नाटक.

"रहने दो," तो हसून म्हणाला. "बालाघाट में मिल जाएगा।"

मिळालाच असेल.