जुलैतली संक्रांत

पृथ्वी जरा कललेली आहे, याचा जणू आपणच ती कलवल्यासारखा अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच होता, आणि तो म्हणजे आमच्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणायचो. सुलतान बाजारातल्या त्यांच्या घरी "काय उकडतंय!" म्हणायची चोरी होती. काका लगेच मोसंब्यात विणायची सुई खुपसत आणि ते तिरकं धरून दिव्याभोवती फिरवत. "कलली म्हणून ऋतू! सरळ असती तर बसला असतात बारा महिने एकाच हवेत." त्या मोसंब्याचा रस पाहुण्याला कधी मिळाला नाही. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, आमच्या ताईला, बघायला आलेला इंजिनिअर बोलून गेला, "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो ना!" काकांनी त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. "अहो, सूर्य सगळ्यात जवळ असतो जानेवारीत. या आपण." मावशीनं पुढे कित्येक दिवस अबोला धरला होता.

मग देशाची दारं उघडली, दिलसुखनगरच्या गल्लोगल्ली कंप्युटरचे क्लास निघाले आणि त्यातल्याच एकात शिकून ताई नोकरीसाठी मेलबर्नला गेली. मावशी डोळे पुसायची. काका मोसंबं उलटं धरून आल्यागेल्याला ऐटीत लेकीचं गाव दाखवायचे.

त्याच वर्षी जुलैत ते मला घेऊन बेगम बाजारात गेले आणि तीळ मागितले. दुकानदार हसला, "क्या काका, बरसात में संक्रांत कायकू?"

"हमारी बेटी के उधर अब्बी ठंड है जी. सूरज अब उधर मुड़रा."

मावशीनं कपाळावर हात मारला. "अहो, आषाढात कुणी संक्रांत करतं का?"

"पंचांग इथलं आहे. तिकडच्या सूर्याला ते कोण वाचून दाखवणार?" काका म्हणाले. मावशी पुटपुटली, पण लाडू वळायला बसली.

संध्याकाळी भर पावसात आम्ही फोनच्या बूथवर गेलो. काकांनी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला. "बाळ, तुझी संक्रांत आहे आज. तिळगूळ केलाय." मग त्यांनी तिकडच्या थंडीची सगळी चौकशी केली. शेवटी म्हणाले, "इथे? इथे हवा कशी आहे, ते मी बघितलंच नाही गं." पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती त्यांची.

बाहेर येऊन त्यांनी बरोबर आणलेल्या डब्यातला एक लाडू माझ्या हातावर ठेवला. काही समजावून न सांगणारे काका मी पहिल्यांदाच पाहत होते.

आता काका नाहीत. जुलै आला की मी तीळ आणते, लाडू वळते आणि ताईला फोन लावते. ती विचारते, तिकडे हवा कशी आहे? मी सांगते, बघितली नाही गं.