काकांचं गाऱ्हाणं आणि माझा ज्युदो

आमच्या वाडीत माझ्या तोंडाला तोंड देणारा एकच माणूस, शेजारचे काका. देवळात गाऱ्हाणं घालतात ते हेच. देवापुढे एकेक मागणं ते खणखणीत आवाजात मांडतात आणि प्रत्येक मागण्यामागून आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतो. असा कमावलेला आवाज भांडणात उतरला की काय होतं, ते विचारूच नका.

त्या सकाळी माझ्या कोंबड्यांनी त्यांची मिरचीची रोपं खाल्ली. काका काट्यांचा हा एवढा भारा ओढत आले. "आजपासून माझ्या खळ्यातसून तुमची वाट बंद!"

रस्त्यावर जायला आम्हाला त्यांच्या अंगणातली तीच एक धड वाट. दुसरी शेताच्या बांधावरून, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. टाके काढायला न्यायचं होतं, दहाला रिक्षा यायची होती.

जिभेवर चांगल्या पाच-सहा शिव्या तयार होत्या. पण तीन महिने मी कट्टा गावी ज्युदो शिकायला जात होते, चाळिशीत, मुलीबरोबर! सर रोज ओरडायचे, "समोरचा ढकलतो तेव्हा उलट ढकलू नका, त्याच्या जोराबरोबर जा!" वर्गात मला ते एकदाही जमलं नव्हतं. आईशपथ, त्या दिवशी जमलं.

"तुझ्या कोंबड्यांनी माझी रोपां खाल्ल्यानी!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. अगदी मनापासून. खाल्लीच होती ना!

"गेल्या वर्षी पण खाल्ल्यानी!"

"व्हय म्हाराजा!" आता ओट्यावरून सासूबाईसुद्धा.

"तुमका कितीदा सांगलंय!"

"व्हय म्हाराजा!" विहिरीवरच्या सगळ्या बायका, कळश्या खाली ठेवून.

आणि काकांचा सूरच बदलला. इतक्या वर्षांची सवय हो! डोळे मिटले, मान वर गेली, हात जोडायला गेले तर भारा धप्पकन खाली.

"तर बा देवा म्हाराजा, ही सगळी तुझीच लेकरां..."

"व्हय म्हाराजा!"

"काय चुकला माकला आसात तर माफ कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यांच्या वाटेत काय आडमेळा आसात, तो दूर कर रे म्हाराजा!"

काकांनी डोळे उघडले. वाटेत आडवे, त्यांचेच काटे.

हसू दाबून माझं पोट दुखायला लागलं. पण सरांनी आणखी एक शिकवलं होतं: ज्याला पाडलं त्याची बाही सोडायची नाही, नाहीतर तो डोक्यावर आपटतो. मी भाऱ्याचं दुसरं टोक धरलं. "काकानू, चला, रोपांभोवती कुंपण घालूया."

काकांनी आपलं टोक उचललं. दोघांनी मिळून कुंपण घातलं. दहाला रिक्षा आली, तेव्हा सासूबाईंना हाताला धरून खळ्यातून नेलं तेही त्यांनीच. "हळू गे वयनी, थंय दगड आसा."

मी मागून म्हटलं, "काकानू, राग गेलो मां?"

"राग आसा तसोच आसा," काका गुरगुरले. "पण गाऱ्हाणा घातलंय. आता मीच आडमेळा कसो होवचो?"