पडद्याचं पोट

दृश्य असं. फेब्रुवारी १९९६, शुक्रवार, सकाळचे दहा. पूर्व जर्मनीत, एल्स्टर नदीकाठच्या आमच्या नगर नाट्यगृहात सातशे रिकाम्या खुर्च्या, समोर खाली सोडलेला किरमिजी मखमली पडदा, आणि त्या पडद्याला सुटलेलं पोट. साधंसुधं नव्हे, चांगलं सातव्या महिन्यातलं. रंगमंचावरची हवा त्याला मागून रेटत होती आणि बिचारा प्रेक्षागृहाकडे फुगत चालला होता.

पडद्यापुढे तिघे जण होते. डावीकडे आमचे संचालक, डॉक्टर हासो लिबेनाउ. बर्लिनची भिंत पडल्यावर पश्चिमेकडून आम्हाला शहाणं करायला आलेल्यांपैकी एक. उजवीकडे नव्या वायुवीजन यंत्रणेचे अभियंते, हेर, म्हणजे श्रीयुत, ब्राकमान; टाय, चकचकीत बूट, काखेत फाइल. आणि मधे, जमिनीवर गुडघे टेकून, पायमोज्यांवर सँडल घालून बसलेला एगबर्ट वुटके. आमच्या इमारतीचा ऊब-हवा सांभाळणारा माणूस. चौथ्या रांगेत मी, संध्याकाळच्या नाटकातल्या मरणोन्मुख सरदाराची दाढी लावून बघत, पाव खात बसलो होतो. मरणोन्मुख माणसाला भूक फार लागते.

"हेर वुटके," संचालक म्हणाले, "पोट मलाही दिसतंय. पण भिंतीवरच्या दाब मोजणाऱ्या यंत्रावर शून्य आहे. म्हणजे पोट नाही."

"हेर डॉक्टर, मग हे काय आहे?" वुटकेनं बोट दाखवलं.

"मखमल आहे. मखमल जरा लोंबतेच."

ब्राकमाननी लगेच फाइल उघडली. तपासणीचं प्रमाणपत्र, त्यावर तीन शिक्के. आमच्या देशात एका शिक्क्यावर माणूस विश्वास ठेवतो, दोनांवर श्रद्धा. तीन शिक्के पाहून मी स्वतः पाव खाली ठेवला.

वुटकेबद्दल आधी सांगायला हवं. गावातल्या बॉयलरपाशी उमेदवारी केलेला हा माणूस एकतीस वर्षं आमच्या तळघरात राहिला. घर होतं त्याला, बायको गिझेला होती, नदीपलीकडे भाजीचा तुकडाही होता. पण दिवसभर असायचा तो तळघरातच. आम्ही नट मंडळी गावभर ओळखली जायचो, आमच्यासाठी टाळ्या पडायच्या, फुलं यायची. हिवाळ्यात सातशे लोक कोट काढून बसतात ते कोणाच्या जिवावर, हे मात्र कोणी कधी विचारलं नाही. मीही नाही. मला वाटायचं, ऊब माझ्या अभिनयातून येते.

त्याचं हत्यार म्हणजे एक तिरकी काचेची नळी. आत लाल तेल, खाली नळी नीट बसली की नाही ते दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, दोन टोकांना दोन रबरी नळ्या. एक नळी पडद्यामागे सोडायची, दुसरी प्रेक्षागृहात. दोन्हीकडची हवा सारखी असेल तर तेल जागच्या जागी राहतं. एक बाजू दुसरीला ढकलत असेल तर तेल सरकतं. नळी तिरकी अशासाठी, की एवढासा दाबही लांबलचक सरकून दिसावा. त्याचं माप पास्कल. टेबलावर ठेवलेला एक कोरा कागद टेबलाला जेवढा दाबतो, साधारण तेवढा एक पास्कल.

"अकरा," वुटके म्हणाला.

"अकरा कागद!" संचालक हसले. "हेर वुटके, अकरा कागदांवर आमचा प्रयोग अडवणार?"

"एवढ्या मोठ्या पडद्यावर सगळे मिळून ऐंशी किलो होतात, हेर डॉक्टर. म्हणजे आपले टेनर गायक हेर पोलेंत्स मागून अंग टेकून उभे आहेत असं समजा." मग त्याचा आवाज बदलला. "आणि वजनाचं जाऊ द्या. हवा मंचाकडून लोकांकडे जातेय. मंचावर लाकूड आहे, रंग आहे, दिवे आहेत. काही पेटलं तर धूर कोणाकडे जाईल?"

संचालकांनी घड्याळ पाहिलं. घड्याळ पाहून बोलणं हा त्यांचा खास अभिनय होता. माझ्यापेक्षा बरा करायचे.

"ऐका. नव्या यंत्रणेच्या स्वीकृतीपत्रावर तुमची सही लागते, कारण नगरपालिकेचा तसा नियम आहे. अग्निशमन दलाला ते प्रयोगाआधी हवंय. बारा वाजेपर्यंत सही झाली नाही, तर तुमचं पद रद्द करण्याचं पत्र बारा वाजता निघेल. टाइप करून तयार आहे. नवी यंत्रणा स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवते, तिला तळघरात माणूस लागत नाही."

वुटकेला निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. आमच्या गावात तेव्हा दर तीन माणसांमागे एक बेकार होता. मी चौथ्या रांगेतून ओरडलो, "एगबर्ट, कर सही! पडदा काय, वर गेला की पोटही जाईल!" मला वाटलं, मी मोठी मदत केली.

त्यानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ब्राकमानना विचारलं, "तुमच्या यंत्राचं शून्य तुम्ही कधी लावलंत?"

"बसवलं त्याच दिवशी. पुस्तिकेत लिहिलंय तसं. बटण दाबलं, शून्य आलं."

"तेव्हा पंखे चालू होते?"

"अर्थात. यंत्रणा चालू करूनच तपासायची असते."

"आणि नळ्या जोडलेल्या?"

"सगळं जोडलेलं! आम्ही अर्धवट कामं करत नाही."

वुटके उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "पंखे बंद करा."

"अहो, पण..."

"तुमच्या यंत्राच्या दोन्ही नळ्या काढा आणि एकाच ठिकाणी धरा. इथं, माझ्या हातात."

पंखे थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ते नाट्यगृह खरोखर शांत ऐकलं. पडद्याचं पोट हळूहळू आत गेलं, बाळंतपण झाल्यासारखं. वुटकेच्या नळीतलं लाल तेल सरकत सरकत शून्यावर येऊन थांबलं. भिंतीवरचं ब्राकमानांचं चकचकीत यंत्र मात्र ठळक हिरव्या आकड्यांत म्हणत होतं: उणे अकरा.

पंखे बंद, हवा गप्प, दोन्ही नळ्या एकाच मुठीत, आणि तरी उणे अकरा. म्हणजे त्या दिवशी पुस्तिकेबरहुकूम बटण दाबून ब्राकमाननी चुकीलाच शून्य ठरवलं होतं. तेव्हापासून यंत्र प्रामाणिकपणे तेच सांगत होतं. तीन शिक्क्यांनिशी.

"यंत्र अजून थंड असेल," ब्राकमान म्हणाले.

"घाबरलंय ते," मी म्हणालो. यावर मात्र वुटके हसला.

पावणेबारा झाले होते. ब्राकमाननी शून्य नव्यानं लावलं, मंचाचा पंखा मंद केला, प्रेक्षागृहाचा वाढवला. आता दोन्ही यंत्रं एकच सांगू लागली: दोन पास्कल, हवा लोकांकडून मंचाकडे. संचालकांनी पेन पुढे केलं. "झालं ना? करा सही. आठ मिनिटं आहेत."

"दोन तासांनी करतो."

"का?"

"पंखे बंद होते, हेर डॉक्टर. प्रेक्षागृह गार पडलंय. मंचावरच्या उंच भागात गरम हवा चढते, ती स्वतःच प्रेक्षागृहातली हवा ओढते. सगळं तापून बसलं की पुन्हा मोजतो. आत्ताचा आकडा आत्ताचा आहे, संध्याकाळचा नाही."

बारा वाजले. संचालक शब्दाचे पक्के, पत्र गेलं. पालिकेचा शिपाई ते पिशवीत घालून घेऊन गेला, आणि आमच्याकडे एकदा निघालेलं पत्र परत फिरवायला जे पत्र लागतं, त्याचा नमुना अजून कोणी तयार केलेला नाही.

एक वाजता मोजलं तेव्हा दोनाचे शून्य झाले होते. वुटकेनं झडपा फिरवल्या, पुन्हा मोजलं, पुन्हा फिरवल्या. सव्वादोनला तेल तीनावर येऊन थांबलं ते थांबलंच. मग पेन्सिल परत खिशात ठेवून, पेन मागून घेऊन, त्यानं सही केली. पडदा सरळ उभा होता, नवरदेवासारखा.

संध्याकाळी प्रयोग झाला. संचालकांनी आधी छोटंसं भाषण केलं. नव्या यंत्रणेच्या अचूकतेबद्दल हेर ब्राकमान यांना पुष्पगुच्छ दिला. टाळ्या पडल्या. मी सरदार म्हणून शेवटच्या अंकात मेलो, त्यालाही पडल्या. महिनाअखेर वुटके मोकळा झाला आणि गिझेलाला घेऊन मुलीकडे, रॉस्टॉकला गेला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. दोन वर्षांनी तो गेल्याचं काळ्या कडेचं पत्र तेवढं आलं.

जायच्या दिवशी तो तळघराच्या जिन्यात भेटला होता. काचेची नळी जुन्या टॉवेलात गुंडाळत होता. मी म्हणालो, "एगबर्ट, तुझं बरोबर आहे हे पावणेबारालाच सगळ्यांना कळलं होतं. सही टाकून मग मोजत बसला असतास की. दोन तासांसाठी नोकरी घालवलीस."

टॉवेलाला गाठ मारत तो म्हणाला, "तुमचा पडदा साडेसातला वर जातो, हेर बोर्शर्ट. तेव्हा मी घरी पाव आणि सॉसेज खात बसलेला असतो. माझ्या घशाखाली घास उतरला असता का, सांगा बरं?"