ताणावरची बाग

नवरा गेला तेव्हा डाळिंबाची बाग ताणावर होती. ज्यांनी डाळिंब लावलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बहार धरायचा तर आधी बागेचं पाणी तोडतात. झाड तहानतं, पानं पिवळी पडून गळतात, मग पाणी दिलं की ते फुलावर येतं. पाणी लवकर सोडलं तर नुसता पाला फुटतो. उशीर झाला तर फांद्या वाळतात, कधी झाडच जातं. सणसरला आमचा बाकी सगळा ऊस. पाटाला पाणी आलं की गडी भरून घेतात, विचारावं लागत नाही. डाळिंबाचा दिवस मात्र नवराच ठरवायचा.

मला कामं लिहून ठेवायची सवय आहे. त्या दिवसांतही रोज सकाळी यादी केली. मृत्यूचा दाखला. बारामतीला जाऊन बँकेतलं नाव बदलणं. गॅस. दुपारपर्यंत बहुतेक ओळींवर काट मारलेली असायची. 'बागेचं पाणी' ही ओळ तेवढी पुढच्या पानावर जायची. भेटायला येणाऱ्या बायका मी रडायची वाट बघत बसायच्या, मग चहा घेऊन उठायच्या. मला रडू येत नव्हतं. वाईट वाटतंय असंही नक्की म्हणता आलं नसतं. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तशी मी सगळीच झाले होते.

पाणी अडलं होतं सासऱ्यांपाशी, म्हणजे तात्यांपाशी. आमच्या घरची रीत अशी की ज्यानं ताण धरला त्यानंच तो सोडायचा, ठिबकच्या व्हॉल्व्हपाशी नारळ फोडून.

"त्याच्या हातचा ताण हाय," तात्या म्हणायचे. "आपण न्हाय हात लावायचा."

"मग कोण सोडणार?"

यावर ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं तो तसाही मोठाच असतो.

अशात पुण्याहून मुलीनं एक बातमी पाठवली. विज्ञानातलं काही नवं वाचलं की आम्ही मायलेकी एकमेकींना पाठवतो. तिला वाटलं असेल, आईचं मन रमेल. तहानलेली टोमॅटोची रोपं टिकटिक आवाज करतात. माणसाच्या कानाला तो येत नाही, फार बारीक असतो; खास माईक लावून तो पकडलाय. खोडातल्या नळ्यांमधली पाण्याची धार तुटून बुडबुडे होतात, त्याचा तो आवाज असावा म्हणे. एका जातीच्या पतंगाला तो ऐकू येतो, आणि अशा झाडावर अंडी घालायचं तो टाळतो. झाडाला दुखतं, झाड ओरडतं, असं शास्त्रज्ञांनी कुठं म्हटलेलं नव्हतं, ते मला बरं वाटलं. डाळिंबाचं कुणी तपासलंय का, माहीत नाही.

शेवटी लिहिलं होतं की पाणी तोडल्यावर आवाज आधी वाढत जातात. मग झाड सुकत गेलं की कमी कमी होतात. ते वाक्य मी पुन्हा वाचलं आणि भाकरी टाकायला उठले.

जेवताना तात्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

"तहानलेलं झाड आवाज करतंय म्हणे, तात्या."

"मला दारातला ट्रॅक्टर ऐकू येत न्हाय, आन झाड ऐकू येतंय व्हय?"

"मलाही नाही येत. पतंगाला येतो."

"मग पतंगालाच सांग पाणी सोडाय."

माझं तोंड हसलं. मग म्हटलं, "पार सुकलं की गप होतं, असंही लिहिलंय."

त्यांनी आमटीत बुडवलेला तुकडा ताटात तसाच ठेवला. "आपली बाग कुठवर आली?"

"मी गेलेच नाही तिकडं."

"मी तरी कुठं गेलोय! चल."

बागेत पाला सगळा खाली आला होता. तात्या नखानं फांदी खरवडत चालले. आत हिरवं दिसलं की पुढं. मुरमाड कोपऱ्यात मात्र शेंड्याला खरवडलं तर आत तपकिरी. ते खाली खाली खरवडत गेले. बऱ्याच खाली हिरवं लागलं.

"उशीर झालाय," ते म्हणाले.

"सोडा मग."

"माझा हात न्हाय उचलत. तू सोड."

"नारळ?"

"ऱ्हाऊ दे नारळ. आन हलकं सोड, एकदम पाजू नको."

मी व्हॉल्व्ह फिरवला. नळ्यांतून आधी हवा फुसफुसली, मग थेंब पडायला लागले. कोपऱ्यातले काही ड्रिपर क्षारानं बुजले होते, ते मी साडीच्या पिनेनं मोकळे केले.

"आता गप झाली असतील का गं?" तात्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. पाणी मिळालेलं झाड गप असतं आणि वाळलेलंही गप असतं. आम्हाला दोन्ही सारखंच.

कोपऱ्यातली काही झाडं फुटलीच नाहीत. बाकी बाग फुटली. मुलीला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "आणि तू कशी आहेस?"

मी लिहिलं, "बागेला कळी निघाली."