कमरेएवढ्या पाण्यातल्या कोंडेबाई

कबड्डीचा सराव संपला की कोंडेबाई शिट्टी खिशात टाकायच्या, बूट हातात घ्यायच्या आणि नदीकडे चालू लागायच्या. 'चला' असं कधी म्हणत नसत. मार्गासनीच्या आमच्या शाळेमागून उतरलं की गुंजवणी. दिवाळीनंतर तिचं पाणी इतकं गार, की पाऊल टाकताच अंगावर काटा यायचा. आधी बाई शिरायच्या, पंजाबी ड्रेससकट, कमरेएवढ्या पाण्यात. मग आम्ही.

"गप उभ्या ऱ्हावा," त्या म्हणायच्या. "पाणी काम करतंय."

बाई मूळच्या आंबवड्याच्या, तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेल्या. चढाया करून मांड्या भरून आल्या की दुसऱ्या दिवशी पोरी दांडी मारतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. पाण्यात उभं राहिलं की सकाळी पाय हलके वाटत. निदान आम्हाला तसं वाटे, आणि आम्ही मैदानावर परत येत असू.

मी ओल्या कपड्यांनी गावातून येते, हे कुणीतरी वडिलांच्या कानावर घातलं. "खेळ बंद," एवढंच ते म्हणाले. मी सरावाला गेले नाही, तर संध्याकाळी बाईच दारात उभ्या.

वडील गोठ्यात धार काढत होते, ते बाहेर आलेच नाहीत. आई भात झोडून नुकतीच आली होती, भिंतीला धरून खाली बसत होती. मला वाटलं, बाई आता माझी बाजू मांडतील. त्यांनी आईला विचारलं, "ताई, पाय लई दुखत्यात का?"

आई गोंधळली. तिला हे कधी कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा. "दुखायचंच की," ती म्हणाली. "त्यात काय इचारायचं."

"उद्या पोरीसंगं नदीवर या. कोरडी कापडं घेऊन या, दोघींची."

आई आली. साडी खोचून काठावर घुटमळली. बाईंनी नुसता हात पुढे केला. आई गुडघ्यांपर्यंत आत आली आणि डोळे मिटून उभी राहिली. हातात काही काम नसलेली आई मी पहिल्यांदाच पाहत होते.

जेवताना ती वडिलांना म्हणाली, "उद्या पोर सरावाला जाईल. म्या बी जाणार हाय."

वडिलांनी भाकरी मोडली आणि कालवण मागितलं.

त्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्यात आम्ही हरलो. परतताना बाईंनी टेम्पो नदीपाशी थांबवला.

"आज कशाला, बाई?" मी विचारलं.

"हरल्यावर पाय दुखायचं ऱ्हातात व्हय?" म्हणत त्या उतरल्यासुद्धा. आम्ही पाण्यात उभ्या राहिलो. एकजण रडली, मग सगळ्याच रडलो. बाईंनी कुणालाच गप केलं नाही.

निवृत्तीनंतर बाई भोरला मुलाकडे राहतात. मीही आता वेल्ह्याच्या शाळेत मुलींना खेळ शिकवते. परवा भेटायला गेले, तर फिरून येऊन बादलीत पाय सोडून बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी सुनेकडून दुसरी बादली मागवली.

"मार्गासनीच्या पोरी जातात का गं अजून नदीवर?"

"जातात की. पण त्या पोचायच्या आधीच आई आणि आळीतल्या बायका पाण्यात उभ्या असतात. पोरींना म्हणतात, जरा थांबा, आमचं होऊ द्या."

बाई इतक्या हसल्या, की बादली हिंदकळली आणि फरशीभर पाणी झालं.