काकवीचं बोट

गेल्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला मी महादेवाच्या दर्शनाला निघाले. काही मागायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नमस्कार करण्याचीही मनापासून इच्छा नव्हती. लग्नाआधीपासून धरलेले सोमवार आता सोडते, एवढंच त्याच्या तोंडावर सांगून यायचं होतं.

घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मग किरणांचे उपचार झाले. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. शेक संपल्यावर डॉक्टर म्हणाले, गाठ गेली. पण जाताना ती माझ्या तोंडाची चव घेऊन गेली. भाकरी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागायची. ठेचा नुसता झोंबायचा, आमटी नुसती गरम असायची. "येईल हळूहळू, कुणाला लवकर येते, कुणाला उशिरा," असं डॉक्टर सांगायचे. कुणाकुणाला येतच नाही, हे ते बोलायचे नाहीत, तरी मला ते ऐकू यायचं. उपवासाला माणूस देवासाठी काहीतरी सोडतो. मला तर एकादशी आणि दिवाळी सारखीच झाली होती. सोडायला काही उरलंच नाही, तर उपवास कशाचा?

हळूहळू मी बाकीचंही सगळं बाजूला ठेवत गेले. शेजारच्या मंडळींनी हळदीकुंकवाला बोलावलं की म्हणायची, बरं वाटल्यावर येईन. नात म्हणाली, आजी, झोपाळा बांधू, तर म्हणायची, मला जरा बरं होऊ दे. ज्या माणसाने जन्मात चहा केला नव्हता, ते माझे यजमान यूट्यूबवर बघून मऊ खिचडी, पेज शिकले होते, आणि माझ्यासमोर बसून तेच जेवत होते. घरात लोणच्याची बरणी उघडत नव्हती. त्यांची ती माया मला दिसत होती, पण तिचंही पुढं कधीतरी कौतुक करू, असंच मनात होतं.

राहू हे गाव माझं माहेर. भाऊ दौंडला राहायला गेला, पण नदीकाठचा महादेव तिथंच आहे. आमच्या निमोण्याहून मी आणि हे सकाळी मोटरसायकलवर निघालो. भीमेचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, आणि मागचं चाक बसलं. मनात आलं, बघा, देव भेटायलाही नको म्हणतोय.

रस्त्याला लागूनच एक गुऱ्हाळ होतं. तिथून डोक्यावर पदर घेतलेली, माझ्याहून थोडी मोठी बाई हात करत आली. "बाई, उन्हात कशाला उभ्या? या हिकडं सावलीला." मग यांच्याकडं वळून म्हणाली, "भाऊ, पंक्चरवाला फुडं चौकात हाय. तुम्ही गाडी घिऊन जावा, यांना ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी."

गुऱ्हाळ तिच्याच घरचं. नाव शकिला, कामावरची माणसं तिला चाची म्हणत होती. तिने मला बाज टाकून दिली, पाण्याचा तांब्या आणला आणि समोर बसून सरळ विचारलं, "घशाला काय झालं?" एरवी मी गळ्याला गुंडाळलेल्या स्कार्फबद्दल कुणाला काही सांगत नसे. तिला मात्र सगळं सांगून टाकलं. सोमवार सोडायला निघाले आहे, हेसुद्धा.

तिने हळहळ केली नाही की समजूत घातली नाही. म्हणाली, "सोडा की मग. देव काय रागवायचा न्हाई. पर आता पाक उतरायचाय, त्यो बघून जावा. तवर भाऊबी येत्याल."

मी बघत बसले. मोठ्या काहिलीत रस रटरटत होता. आधी फेस हिरवट होता, मग तांबूस झाला, मग सोनेरी बुडबुडे जाड होऊन सावकाश फुटू लागले. खाली चुलाणात चिपाडं धडधडत होती. त्या वेळी माझ्या मनात काहीच नव्हतं. पुढची तपासणी नव्हती, बरं होणंही नव्हतं. किती महिन्यांनी मी कशाचीच वाट न पाहता बसले होते, हे मला नंतर कळलं.

चाचीने वाटीत थोडी काकवी आणली. मी म्हटलं, "कशाला वाया घालवता? मला कळायची नाही."

"न्हाई कळली तर न्हाई. कोमट हाय, घशाला बरं वाटंल. चवीचं ऱ्हाऊ द्या."

बोट बुडवून जिभेवर ठेवलं. आधी नुसती ऊब. मग जिभेच्या कडेला काहीतरी हललं. लांबून कुणी आपलं नाव घेतं आणि भास झाला की खरंच, हे कळत नाही, तसं. मी पुन्हा बोट बुडवलं.

"काय झालं?" चाचीने विचारलं.

"गोड आहे."

"गोड आसनारच की. काकवी हाय ती." एवढं बोलून ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग पदर डोळ्यांना लावून हसायला लागली. मीही हसले. रडू त्यातच मिसळलं.

हे परत आले तेव्हा हात काळे झालेले होते. मी वाटी पुढं केली. "घ्या, गोड आहे." त्यांनी बोट चाटलं. "व्हय, झकास हाय," म्हणाले, आणि वाटीकडं जाणारा हात मध्येच राहिला. "तुला लागली?" मी मान हलवली. ते तिथंच चिपाडाच्या ढिगावर खाली बसले आणि बराच वेळ नदीच्या बाजूला तोंड करून राहिले.

निघताना चाचीने ताज्या गुळाचा खडा कागदात बांधून दिला. "देवाला ठिवा. म्हणावं, चाचीचा नमस्कार हाय."

देवळात पिंडीपुढं उभी राहिले. सांगायला आणलेलं काही ओठावर येईना. गूळ ठेवला, हात आपोआप जोडले गेले. एवढंच म्हणाले, "आले रे बाबा."

त्या संध्याकाळी यांनी केलेल्या खिचडीचा पहिला घास घेतला आणि तोंडून निघून गेलं, "अहो, केवढं हे मीठ!" तेव्हा कळलं, काहीतरी लागावं म्हणून ते रोज चिमूटभर जास्त घालत होते, आणि तीच खिचडी मुकाट्याने खातही होते. बोलणी खाऊन इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "बोल, आनखी बोल," म्हणत होते.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, परतायची वेळ झालीच होती. असेलही. मी वाद घालत नाही. दुसऱ्या दिवशी चव पुन्हा गेली, मग तुकड्यातुकड्याने आली. चहा अजून विचित्रच लागतो. तपासण्या चालू आहेत, आणि त्यांच्याबरोबर भीतीही. पण चाक नेमकं कुठं बसावं, पाक कधी उतरावा आणि वाटी कुणाच्या हातून यावी, यातलं काहीच मी ठरवलं नव्हतं. मी फक्त तिथं बसले होते. देवाला माझ्याकडून एवढंच हवं असावं, असं आता वाटतं. सोमवार करते, पण त्याला अटी घालत नाही. चाचीला गौरी-गणपतीत करंज्या पाठवल्या, तिच्याकडून ईदेला शीरखुर्मा आला, आणि दोन्ही वेळा मी ताट पुढं घेऊन सावकाश जेवले.

आज सकाळी ओट्यावर उन्हात बसून आम्ही दोघं हिरव्या हरभऱ्याचे घाटे सोलत होतो. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट यायचा आहे. यांनी खाली मान घालूनच विचारलं, "काय यील गं रिपोर्टात?"

"ते त्याचं तो बघेल," मी म्हटलं. "तुम्ही सोलता कमी आणि खाता जास्त. माझ्या वाटणीचे ठेवा."